हिपॅटायटिस बी लसीनंतरच्या अँटीबॉडी ७ वर आल्या : संरक्षण संपले असे समजावे का?

शेवंती :
नमस्कार. माझी मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रवेश घेतल्यावर तिने हिपॅटायटिस बी लसीचे तिन्ही डोस वेळेवर घेतले आणि शेवटच्या डोसनंतर दीड महिन्याने केलेल्या तपासणीत अँटीबॉडींचा आकडा २४० आला होता. आता वॉर्डातील नवीन ड्यूटी लागण्यापूर्वी पुन्हा रक्त तपासले, तेव्हा तो ७ वर आलेला दिसला. अहवालावर ‘१० पेक्षा कमी : संरक्षण नाही’ असे ठळक छापले आहे आणि तेव्हापासून तिची झोप उडाली आहे, कारण सुया आणि रक्ताच्या नळ्या हेच तिचे रोजचे काम. तीन वर्षांत शरीर लस विसरते का? बी-पेशींचा, म्हणजे ज्यांच्यामुळे अँटीबॉडी तयार होतात त्या पांढऱ्या पेशींचा, अभ्यास करणारे संशोधक अशा वेळी फक्त हा आकडा पाहतात की आणखी काही?

प्रयोगवही :
शेवंतीताई, मी मानवी बी-पेशींवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. आपल्या मुलीचे शरीर लस विसरलेले नाही.

रक्तात मोजल्या जातात त्या अँटीबॉडी, म्हणजे बी-पेशींपासून घडलेल्या प्लाझ्मा पेशींनी स्रवलेली प्रथिने. यांपैकी आयजीजी प्रकारच्या अँटीबॉडींचे प्रमाण, नवा पुरवठा थांबल्यास, साधारण तीन आठवड्यांत निम्मे होते. म्हणून आकडा टिकायचा तर अस्थिमज्जेत मुक्काम केलेल्या प्लाझ्मा पेशींनी तो पुरवठा अखंड चालू ठेवावा लागतो. त्या पेशी कमी झाल्या की आकडा उतरतो. मात्र लसीनंतर लसिका ग्रंथींमध्ये बी-पेशींची जी निवड होते, तिच्यातून आणखी एक गट तयार होतो, तो स्मृती पेशींचा. या पेशी शांत असताना अँटीबॉडी स्रवत नाहीत आणि त्यामुळे नेहमीच्या रक्ततपासणीत त्यांचा मागमूस लागत नाही.

त्या मोजण्यासाठी आम्ही रक्तातून पांढऱ्या पेशी वेगळ्या काढतो आणि उत्तेजक द्रव्ये घालून पाच-सहा दिवस उबवणीयंत्रात ठेवतो, म्हणजे स्मृती पेशी जाग्या होऊन अँटीबॉडी स्रवू लागतात. मग ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये, जिच्या तळाच्या पडद्यावर विषाणूचे पृष्ठभागावरील प्रथिन आधीच लावलेले असते, त्या पेशी सोडायच्या. काही तासांनी पेशी धुऊन टाकून रंग दिला की जिथे योग्य पेशी बसली होती, नेमका तिथे एक गोल ठिपका उमटतो. एक ठिपका म्हणजे एक पेशी. ज्यांच्या अँटीबॉडी १० च्या खाली गेल्या आहेत अशा माणसांच्या रक्तातही हे ठिपके दिसतात. ते पाहिल्यावर अहवालावरील ‘संरक्षण नाही’ हे शब्द मला फार उतावळे वाटतात.

माणसांवरील पुरावाही आहे. अलास्कात १९८१ मध्ये लस घेतलेल्यांची ३० वर्षांनी तपासणी झाली. सुरुवातीला चांगला प्रतिसाद दिलेल्या आणि नंतर एकही डोस न घेतलेल्या २४३ जणांपैकी १२५ जणांचा आकडा तेव्हाही १० किंवा अधिक होता. ज्यांचा आकडा घसरला होता, त्यांपैकी ८५ जणांचा बूस्टरनंतर पाठपुरावा करता आला आणि ७५ जणांच्या अँटीबॉडी महिनाभरात पुन्हा वर आल्या.

शिवाय हा विषाणू संथ आहे. संसर्गापासून लक्षणांपर्यंत सरासरी ९० दिवस जातात, तर स्मृती पेशींना कामाला लागायला काही दिवस पुरतात. इन्फ्लुएन्झा दोन-तीन दिवसांत आजारी पाडतो, तिथे नुसत्या स्मृतीवर विसंबता येत नाही आणि अँटीबॉडी आधीपासून हजर असाव्या लागतात.

निवृत्त डॉक्टर :
वरील उत्तराशी मी सहमत आहे, परंतु एक मर्यादा स्पष्ट करणे आवश्यक वाटते. हा दिलासा निरोगी व्यक्तींसाठी आहे. डायलिसिसवरील रुग्णांचा आकडा दरवर्षी तपासावा लागतो आणि तो १० च्या खाली गेल्यास बूस्टर द्यावा लागतो. ज्यांची प्रतिकारशक्ती क्षीण आहे त्यांचाही विचार वेगळा करावा लागतो.

स्मृती पेशी किती टिकतात याबद्दल मला नेहमी देवीच्या लसीचे उदाहरण आठवते. माझ्या वयाच्या बहुतेकांच्या दंडावर तो वण आहे. अमेरिकेत एमरी विद्यापीठातील रफी अहमद यांच्या प्रयोगशाळेतून २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, लस टोचून ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेल्या लोकांच्या रक्तातही देवीविरुद्धच्या स्मृती पेशी सापडल्या. त्याहून विलक्षण गोष्ट २००८ मधली आहे. १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ बालपणी अनुभवलेल्या, नव्वदी ओलांडलेल्या माणसांच्या बी-पेशींपासून संशोधकांनी अँटीबॉडी तयार केल्या आणि त्यांनी त्याच विषाणूपासून उंदरांना वाचवले. मध्ये नव्वद वर्षे गेली होती.

शेवंती :
दोघांचेही मनापासून आभार. मुलीला हे सगळे वाचून दाखवले. तिचा एक प्रश्न आहे : तिच्या वर्गातील काही मुलींनी डोस घेतले, पण त्यानंतर तपासणी कधीच केली नाही. आता त्यांचे आकडेही १० च्या खाली आले आहेत. त्यांनी काय करावे?

प्रयोगवही :
त्यांची स्थिती खरोखर वेगळी आहे, कारण त्यांची लस मुळात लागू पडली होती की नाही हेच कळायला मार्ग नाही. निरोगी प्रौढांमध्येही काही जण पहिल्या तीन डोसना प्रतिसाद देत नाहीत. त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने एक डोस घ्यावा आणि एक ते दोन महिन्यांनी रक्त तपासावे. आकडा १० किंवा अधिक आला तर तेवढे पुरे. न आल्यास उरलेले दोन डोस घेऊन दुसरी मालिका पूर्ण करावी आणि पुन्हा तपासावे.

आपल्या मुलीचा २४० चा तो जुना कागद मात्र जपून ठेवा आणि त्याची प्रत रुग्णालयाच्या आरोग्य नोंदीत आजच लावून घ्या. उद्या चुकून सुई टोचली तर तिला हिपॅटायटिस बीसाठी उपचार लागतील की नाही, हे डॉक्टर त्याच कागदावरून ठरवतील.