डोळ्याच्या पडद्यात पाणी: थेंबांनी जाईल का?

आईला १४ वर्षं मधुमेह. ओसीटीत (प्रकाशाने पडद्याचे थर दाखवणारी तपासणी) पडद्याच्या मधोमध काळे फुगे दिसले. तिला दाराची चौकट वाकडी दिसते. नुसते थेंब पुरतील?

» नाही हो. बारीक रक्तवाहिन्या झिरपतात आणि पाणी पेशींमधल्या फटींत साठतं. पाण्यावरून प्रकाश परतत नाही, म्हणून ते काळं दिसतं. बाबांना डोळ्यात इंजेक्शनं दिली. नाव ऐकूनच हादरले होते! बधिर करतात, सुई टोचणं क्षणाचं, पण महिन्या-महिन्याने जावं लागलं. साखर मात्र सांभाळा.

» माझं पाणी पडद्याखाली होतं, स्टिरॉइडमुळे. ते बंद केल्यावर तीन महिन्यांत आपोआप ओसरलं. तो आजार वेगळा, त्या भरवशावर थांबू नका.

» धन्यवाद. सोमवारचीच वेळ घेतली. आई विचारतेय, त्या दिवशी स्वयंपाक करता येईल का!