शब्दचर्चा : 'प्रेसेपे व्हिव्हेन्ते'ला मराठीत काय म्हणाल? गोठा, गव्हाण की देखावा?

प्रश्न

एका प्रवासलेखाचं मराठी करते आहे आणि एकाच शब्दाशी चार दिवस अडले आहे. इटलीच्या सिसिली बेटाच्या पश्चिम टोकाला, त्रापानी प्रांतात, कुस्तोनाची गावाजवळ मान्जापाने नावाची भलीमोठी गुहा आहे. अश्मयुगातल्या माणसाच्या वस्तीच्या खुणा तिथे मिळाल्या आहेत. पुढे एकोणिसाव्या शतकात मान्जापाने आडनावाचं कुटुंब तिथे राहायला गेलं. त्यांनी गुहेच्या पोटातच दगडी घरं बांधली आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ते तिथे नांदले. आता दर नाताळात याच घरांमधून येशूचा जन्म उभा करतात. माणसं खरी, जनावरं खरी, चुलीतला जाळही खरा. इटालियनमध्ये याला 'प्रेसेपे व्हिव्हेन्ते' म्हणतात.

मी आधी लिहिलं : 'पुरातत्त्वीय स्थळी सजीव जन्मदृश्य'. एकही शब्द चुकीचा नाही, पण वाचताना सरकारी फलक वाचल्यासारखं वाटतं. 'झांकी' हिंदीतून आलेली, ती नको. आपल्याकडे याला घरगुती शब्द नाही का?

प्रतिसाद १

ताई, आहे ना! आमच्या वसईत सगळे 'गोठा'च म्हणतात. डिसेंबर लागला की "तुमचा गोठा कुठवर आला?" हीच चौकशी. गोव्यात कोकणीत तोच 'गोठो'. आमच्या घरी आई पंधरा दिवस आधी वाटीत नाचणी पेरायची. नाताळपर्यंत बोटभर हिरवी रोपं व्हायची, ती गोठ्यापुढे मांडली की शेत तयार. खडकासाठी कागद चुरगाळून रंगवायचा, आणि पेंढा मात्र खराच, शेजाऱ्यांच्या बैलांपुढचा. बाळ येशूची जागा रिकामी ठेवायची. चोवीसच्या मध्यरात्रीची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, आटोपून आलो की घरातल्या सगळ्यात लहानाच्या हातून बाळ ठेवायचं. म्हणून माझ्या कानाला 'गोठा' म्हणजे नुसती गुरांची जागा नाही, तो सणच आहे.

'देखावा' मला खटकतो. 'देखावा करतो' हे आपण खोटं वागणाऱ्याबद्दल बोलतो. श्रद्धेच्या गोष्टीला तो शब्द लावायला जीभ वळत नाही.

प्रतिसाद २

'गोठा' संस्कृत 'गोष्ठ'वरून आला. गाई जमतात ती जागा म्हणजे गोष्ठ. पुढे माणसं जमून बोलतात ती 'गोष्ठी' झाली आणि तिचीच आपली 'गोष्ट' झाली. म्हणजे गोठा आणि गोष्ट एका घरच्या. जी गोष्ट गोठ्यात घडली असं मानतात तिच्याबद्दल बोलताना हे ध्यानात ठेवायला मला फार आवडतं.

पण प्रेसेपे म्हणजे गोठाच का? मूळ लॅटिन शब्द 'प्रेसेपे', म्हणजे पुढे कुंपण घातलेली जागा. त्यावरून गुरांचा आडोसा आणि गुरांपुढची चाऱ्याची जागा, असे दोन्ही अर्थ त्याला आले. ख्रिस्तजन्माच्या कथेत मात्र त्यातला चाऱ्याच्या जागेचा अर्थच लागू पडतो. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात गोठ्याचा उल्लेखच नाही, आहे ती फक्त गव्हाण. मराठी बायबलमध्येही बाळाला बाळंत्याने गुंडाळून 'गव्हाणीत' ठेवलं आहे. बैल आणि गाढवसुद्धा लूकमध्ये नाहीत. बायबलच्या जुन्या करारातल्या यशयाच्या पहिल्या अध्यायात बैल आपल्या धन्याला ओळखतो आणि गाढव धन्याची गव्हाण ओळखतं असं म्हटलं आहे, तिथून ते नंतरच्या चित्रांमध्ये आले. संस्कृतात गुरांच्या चाऱ्याच्या जागेला 'गवादनी' म्हणतात, आपल्या 'गव्हाणी'चं नातं तिच्याशी जोडतात.

थोडं विषयांतर होतंय, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. कर्क राशीत नुसत्या डोळ्यांना पुसट ढगासारखा दिसणारा एक तारकागुच्छ आहे, त्याचं लॅटिन नावही प्रेसेपे, म्हणजे गव्हाणच. तिच्या दोन बाजूंच्या दोन ताऱ्यांना युरोपात 'उत्तरेचं गाढव' आणि 'दक्षिणेचं गाढव' म्हणतात. तेच दोन तारे आपल्या पुष्य नक्षत्रात मोजले जातात. आपल्या शेतकऱ्याचा 'म्हातारा पाऊस' पडतो तो याच नक्षत्राचा.

प्रतिसाद ३

वरच्या प्रतिसादाला धरूनच पुढे लिहितो, कारण 'गव्हाण' हा नुसता व्युत्पत्तीचा मुद्दा नाही. दक्षिण इटलीतलं मातेरा घ्या. तिथेही नाताळात 'सास्सी' नावाच्या जुन्या वस्तीत येशूजन्म उभा करतात. सास्सी म्हणजे दगड. मऊ खडकात कोरलेली ती घरं, एकाच खोलीत माणसं आणि जनावरं. पुढे पलंग, मागे खेचर, आणि खेचराची गव्हाण भिंतीतच खोदलेली. १९५२ साली कायदा करून सरकारने ही वस्ती हलवली आणि १९९३ साली ती जागतिक वारशाच्या यादीत गेली. अशा घरात गोठा वेगळा नव्हताच, गव्हाण मात्र होती. आपल्याकडेही सह्याद्रीतल्या कितीतरी घरांमध्ये एका कुडापलीकडे बैल बांधलेले असायचे. माझ्या आजीच्या घरी पहाटे जाग यायची ती म्हशीच्या रवंथ करण्याच्या आवाजाने.

आणि ही प्रथा जिथून सुरू झाली असं मानतात, त्या ग्रेच्चो गावी १२२३ साली असिसीच्या संत फ्रान्सिसने काय मांडलं? गवताने भरलेली गव्हाण, एक बैल, एक गाढव. मरिया आणि योसेफ यांची सोंगं कुणी घेतली नव्हती. त्या गव्हाणीवरच मिस्सा झाली.

'देखावा'बद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. पुण्यातल्या गणेशोत्सवात माणसं उभी करून प्रसंग दाखवतात त्याला आपण 'जिवंत देखावा' म्हणतो. अफजलखानाचा वध बघायला लोक तासभर रांगेत उभे राहतात. तिथे 'देखावा' शब्दाला खोटेपणाचा वासही नसतो. 'देखावा करणं' आणि 'देखावा उभा करणं' यांत क्रियापदाने अर्थ पालटतो. 'व्हिव्हेन्ते'साठी 'जिवंत' इतका नेमका शब्द मला दुसरा सापडत नाही. 'सजीव' विज्ञानाच्या पुस्तकातला वाटतो.

एक राहिलं. या इटालियन देखाव्यांमध्ये बाळ शेवटी भेटतं. त्याआधी वाटेत लोहार, चांभार, कुंभार, टोपल्या विणणारे आपापलं काम करत बसलेले असतात. भाषांतरात त्यांना 'कारागीर' म्हणून सोडून देऊ नका, एकेकाचं नाव घ्या. बलुतेदारांच्या गावातून आलेल्या वाचकाला ती वाट लगेच ओळखीची वाटेल.

प्रश्नकर्तीकडून

सगळ्यांचे मनापासून आभार. वसईच्या दादा, तुमचा आक्षेप मी दिवसभर मनात घोळवला. घरातल्या, मूर्तींच्या मांडणीला 'गोठा' हाच शब्द ठेवते, लेखात एके ठिकाणी तोही आहे. माणसांनी उभ्या केलेल्या प्रसंगाला 'जिवंत देखावा', आणि जिथे बाळ ठेवतात तिथे 'गव्हाण'. 'पुरातत्त्वीय स्थळ' काढून टाकलं, कारण गुहा कोणती ते सांगितल्यावर त्याची गरजच उरली नाही. आता ते वाक्य असं झालं आहे, कुठे खटकलं तर सांगा :

"अश्मयुगातल्या माणसाने जिथे आसरा घेतला त्या मान्जापाने गुहेत नाताळच्या दिवसांत ख्रिस्तजन्माचा जिवंत देखावा उभा राहतो. लोहाराचा भाता, चांभाराची आरी, कुंभाराचं चाक मागे टाकत आपण आत जातो, आणि शेवटी गवताने भरलेल्या गव्हाणीपाशी थांबतो."