मदत हवी आहे: गवताळ प्रदेशाचं ठाणं कोपेनमध्ये भूमध्यसागरी निघतंय

अक्षवृत्त
समशीतोष्ण गवताळ प्रदेशांतल्या हवामान ठाण्यांचं कोपेन वर्गीकरण (तापमान आणि पावसावरून हवामानाचा प्रकार ठरवायची पद्धत) एक्सेलमध्ये करतोय. बाकीची ठाणी जमली, एकच अडलंय. नकाशात बीएसके (निमकोरडं, थंड) दाखवलंय, माझ्या तक्त्यात सीएसए (भूमध्यसागरी, उन्हाळा कोरडा आणि उष्ण) येतंय. सूत्रं बरोबर आहेत. उद्या सकाळी वही जमा करायची आहे, कुठे बिघडतंय ते कुणीतरी पटकन सांगा.

पर्जन्यछाया
ठाण्याचं नाव नाही, सरासरी नाही, पाऊस नाही. यावरून कोण काय सांगणार? तरी आधी एकक बघा. जुन्या पुस्तकांत पाऊस सेंटिमीटरमध्ये असतो, म्हणून कोरडेपणाची मर्यादा (वर्षाचा पाऊस हिच्या खाली गेला की ठाणं कोरड्या 'बी' गटात) तापमानाची दुप्पट अधिक २८ अशी दिलेली असते. मिलिमीटरमध्ये ती वीसपट अधिक २८० होते. सूत्र सेंमीचं आणि पाऊस मिमीचा घेतला की मर्यादा दहा पटींनी खाली येते, मग कोरडी ठाणीही दमट ठरतात.

अक्षवृत्त
मिमी आणि सेल्सिअसच आहे. वार्षिक सरासरी १५.९, पाऊस ५५९.

पर्जन्यछाया
१५.९ ची वीसपट ३१८. उन्हाळी सहामाहीत ७० टक्के किंवा जास्त पाऊस असेल तर त्यात २८० मिळवायचे, हिवाळी सहामाहीत ७० टक्के असेल तर काहीच नाही, दोन्ही नसेल तर १४०. म्हणजे तुमची मर्यादा ५९८, ३१८ किंवा ४५८. यांतल्या फक्त ५९८ च्या खाली तुमचा ५५९ बसतो. तेव्हा पाऊस कोणत्या महिन्यांत पडतो यावर सगळं अवलंबून. बारा महिन्यांचे आकडे द्या.

स्पर्धावीर
पाठ करून ठेवा: युरेशियात स्टेप, उत्तर अमेरिकेत प्रेअरी, अर्जेंटिना-उरुग्वेत पंपास, दक्षिण आफ्रिकेत व्हेल्ड, ऑस्ट्रेलियात डाऊन्स, हंगेरीत पुस्ता, न्यूझीलंडमध्ये कँटरबरी. परीक्षेत जोड्या लावायला येतात.

अक्षवृत्त
हे विचारलेलं नाही.

कृष्णमृदा
कोपेन सोडा आणि थॉर्नथ्वेटची पद्धत वापरा. गवताळ प्रदेशात किती पाऊस पडला यापेक्षा किती पाणी बाष्प होऊन जाऊ शकतं हे महत्त्वाचं. थॉर्नथ्वेटमध्ये संभाव्य बाष्पोत्सर्जन काढून महिन्यागणिक जमाखर्च मांडता येतो. कोपेनची मर्यादा हा त्याचाच ढोबळ अंदाज आहे.

पर्जन्यछाया
ढोबळ आहे हे मान्य, पण वहीत कोपेन मागितलंय. आदल्या रात्री पद्धत बदलायचा सल्ला कशाला?

आलेखक
एककाची चूक असती तर सीएस आलंच नसतं. गट बी ऐवजी सी झाला असता, पण दुसरं अक्षर तरी बरोबर राहिलं असतं. 'एस' म्हणजे उन्हाळा कोरडा. गवताळ ठाण्याला तो लागला याचा अर्थ तक्त्यात ऋतूच उलटे बसलेत. ठाणं दक्षिण गोलार्धातलं आहे का?

अक्षवृत्त
हो, दक्षिण आफ्रिकेतलं ब्लोमफाँटेन. जानेवारीपासून पाऊस: ८३, १११, ७२, ५६, १७, १२, ८, १५, २४, ४३, ५८, ६०.

आलेखक
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. उन्हाळी सहामाही म्हणून तुम्ही एप्रिल ते सप्टेंबरचे रकाने कायमचे धरलेत. ब्लोमफाँटेनला ती हिवाळी सहामाही आहे. ऑक्टोबर ते मार्चची बेरीज ४२७, म्हणजे ५५९ पैकी ७६.४ टक्के. तक्ता हा पाऊस हिवाळ्यातला समजतो, २८० मिळवत नाही, मर्यादा ३१८ वर राहते आणि ठाणं 'बी'मधून निसटतं. पुढे जुलैचे ८ मिमी उन्हाळ्यातला सर्वांत कोरडा महिना ठरतात आणि फेब्रुवारीचे १११ हिवाळ्यातला सर्वांत ओला. आठ हे चाळीसच्या आत आहेत आणि १११ च्या एक तृतीयांशापेक्षाही कमी, म्हणून 'एस'. जानेवारीची सरासरी २२ च्या वर, म्हणून 'ए'. सूत्रांनी सांगितलं तेच केलंय.

दुरुस्ती: एप्रिल-सप्टेंबर आणि ऑक्टोबर-मार्च या दोन्ही सहामाह्यांचं सरासरी तापमान दोन रकान्यांत काढा. जी जास्त उष्ण ती उन्हाळी, अशी अट घाला. अक्षांशाच्या चिन्हावरूनही करता येतं, पण चिन्ह टाकायचं राहून जातं, तापमान मात्र तक्त्यात असतंच. ऑक्टोबर ते मार्च रकाने सलग नाहीत, त्यामुळे जानेवारी-मार्च आणि ऑक्टोबर-डिसेंबर अशा दोन तुकड्यांची बेरीज घ्या. सर्वांत कोरडा आणि ओला महिना शोधणाऱ्या सूत्रांनाही हीच अट लावा. मर्यादा ५९८ येईल. तिच्या निम्मे २९९, पाऊस त्याहून जास्त, म्हणून वाळवंट नाही, बीएस. वार्षिक सरासरी १८ च्या खाली, म्हणून के.

सह्यकडा
ब्लोमफाँटेन जेमतेम २९ दक्षिणेला आहे. दिल्ली जवळपास तितकीच उत्तरेला. मग हे समशीतोष्ण कसं?

पर्जन्यछाया
उंचीमुळे. हायव्हेल्डचं पठार, ब्लोमफाँटेन सुमारे १४०० मीटरवर. जुलैत रात्रीचं किमान तापमान सरासरीनेच शून्याखाली. हिवाळा कोरडा, त्यात गवत वाळतं, मग वणवे. धुमारे जमिनीलगत असलेलं गवत यातून तगून राहतं, झाडांच्या रोपांना ते जमत नाही.

सह्यकडा
मग सोलापूरकडचं माळरानही याच यादीत घाला. नान्नजला माळढोकासाठी अभयारण्यच आहे.

पर्जन्यछाया
सोलापूरची वार्षिक सरासरी २७ च्या आसपास. तिथे शेवटचं अक्षर एच (उष्ण) लागतं, के (थंड) नाही. माळरान जपायलाच हवं, पण ते उष्ण प्रदेशातलं गवत आहे. इथे मोजू नका.

कृष्णमृदा
अक्षवृत्त, बाकीची ठाणी 'जमली' म्हणताय, त्यांत ब्युनोस आयर्स आहे का? ते बीएसके आलं असेल तर तेही चूक. पंपासच्या पूर्व भागात वर्षाला हजार मिमीच्या वर पाऊस, वर्ग सीएफए (कोरडा ऋतू नाही, उन्हाळा उष्ण). गवताळ म्हणजे बीएसके असं समीकरण नसतं.

अक्षवृत्त
ते सीएफए आलंय. पण मग तिथे जंगल का नाही?

कृष्णमृदा
भारी, चिकणमातीचा खालचा थर, सपाट जमीन, निचरा नाही, वर गवताच्या मुळांची दाट जाळी. रोपटं रुजायला जागाच मिळत नाही.

पर्जन्यछाया
मग तिथे लावलेले निलगिरी कसे फोफावतात? मातीपेक्षा आग आणि चराई. कॅन्ससमधल्या कोन्झा प्रेअरीत वर्षाला ८०० मिमीच्या वर पाऊस पडतो, आणि जे तुकडे जाळायचे थांबवले तिथे झुडपं आणि पूर्वेकडचा लाल सिडार घुसतात.

कृष्णमृदा
लावलेलं, वाढवलेलं झाड आणि आपोआप रुजलेलं रोप यांत फरक आहे. शिवाय कोन्झाची जमीन चुनखडीवरची उथळ, पंपासची वाऱ्याने आणलेल्या बारीक मातीची, खोल. एका ठिकाणचा निष्कर्ष दुसऱ्याला लावू नका.

आलेखक
कॅन्ससचं नाव निघालं म्हणून: सी आणि डी (कडक हिवाळ्याच्या) गटांच्या सीमेला, म्हणजे सर्वांत थंड महिन्याच्या सरासरीला, तुम्ही शून्य अंश धरलंय की उणे तीन? जानेवारीची सरासरी या दोन्हींच्या मध्ये पडते अशी ठाणी तिथे आहेत. उणे तीनने सीएफए, शून्याने डीएफए. वहीत कोणती सीमा घेतली ते लिहा.

अक्षवृत्त
उणे तीन. अट घातली, ब्लोमफाँटेन बीएसके आलं. आता मंगोलियातलं उलानबातर कधी बीएसके, कधी डी गटात जातंय.

आलेखक
ते जाणारच. तिथे वार्षिक सरासरी शून्याच्या आसपास आणि जवळजवळ सगळा पाऊस उन्हाळ्यात. त्यामुळे मर्यादा २८० च्या आगेमागे, आणि पाऊसही साधारण तेवढाच. सरासरीत ०.२ अंशाचा फरक पडला की मर्यादा ४ मिमीने सरकते. तापमान आणि पाऊस एकाच ३० वर्षांचे घ्या. तापमान एका कालखंडाचं आणि पाऊस दुसऱ्याचा, असं असेल तर तेच आधी दुरुस्त करा. कालखंडाची वर्षं तक्त्याखाली लिहा.