फँटसी आरपीजीत घरगुती हिंसेची क्वेस्ट लिहिताना: 'विचर 3'मधल्या बॅरनची कथा नेमकी कशी रचली आहे?

गढीवरचा_पहारेकरी

आरपीजी मेकर एमझेडमध्ये (गेम बनवण्याचं सॉफ्टवेअर) मराठी संवादांचा तीन-चार तासांचा फँटसी गेम करतोय. मधली मोठी क्वेस्ट अशी आहे: गढीचा सरदार नायकाला सांगतो, बायकोला कुणीतरी पळवून नेलंय, शोधून आण. शोधता शोधता कळतं की ती स्वतःच्या पायांनी निघून गेली, आणि का गेली ते गढीतल्या प्रत्येक नोकराला ठाऊक होतं. दारू, मारहाण, त्यात गेलेलं पोटातलं मूल, हे सगळं कथेत येणार आहे.

नमुना म्हणून 'द विचर 3: वाइल्ड हंट' (2015) मधली वेलेन या प्रदेशातली 'फॅमिली मॅटर्स' ही क्वेस्ट समोर ठेवली आहे. तीन ठिकाणी अडतंय. सरदार पहिल्याच भेटीत खलनायक वाटतो, म्हणजे पुढे उलगडायला काही उरत नाही. निवडीचा परिणाम लगेच दिसला की खेळणारा जुना सेव्ह उघडून दुसरा पर्याय घेणार, हे नक्की. आणि मारहाण पडद्यावर किती दाखवायची, याचं माप हाती लागत नाही. ज्यांनी या क्वेस्टची शाखा न् शाखा पाहिली आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

खाली कथेचा शेवट उघड होईल. खेळायचा असेल तर इथेच थांबा.

रातकिडा

आधी क्रम बघा. फिलिप स्ट्रेंगर, म्हणजे बॅरन, पहिल्या भेटीत पाहुणचार करणारा, मोकळा, थोडा धटिंगण माणूस आहे. नायक गेराल्टला त्याच्या मानसकन्येची, सिरीची, खबर हवी असते आणि ती त्याच्याकडे असते. म्हणजे त्याच्याशी बोलत राहणं ही खेळणाऱ्याची गरज आहे. तुमच्या सरदाराकडे असं काय आहे? नायकाला हवी असलेली एखादी वस्तू किंवा बातमी त्याच्या हातात नसेल, तर खेळणारा त्याला पहिल्या संशयालाच सोडून देईल.

त्यानंतर सत्य थराथराने येतं, आणि प्रत्येक थर वेगळ्या मार्गाने. घराच्या झडतीत झटापटीच्या खुणा आणि एक ताईत सापडतो. हा वस्तूंचा पुरावा. ताईत कुणाचा हे विचारत पेलार नावाच्या गावठी मांत्रिकाकडे जावं लागतं, तो विधीतून पुढचा तुकडा देतो. हा तिसऱ्याचा जबाब. परत येईतो बॅरन दारूच्या नशेत, तबेल्याला आग लागलेली, आणि त्याच्याशी मुष्टियुद्ध करावं लागतं. कबुली येते ती त्यानंतर. तिथेही तो एकदम सगळं बोलत नाही. आधी स्वतःची बाजू मांडतो: युद्धावरून यायचो, दारू होती, तिचं दुसऱ्यावर मन जडलं. त्या एव्हानला आपण मारून कुत्र्यांना घातलं हेही तो याच ओघात सांगतो. सबब आणि गुन्हा एकाच वाक्यात येतात, आणि दोन्हींचं वजन करण्याचं काम खेळणाऱ्यावर पडतं.

आता एक बारीक गोष्ट, जी बहुतेकांच्या नजरेतून सुटते. पेलारने विधी करावा म्हणून आधी त्याची हरवलेली शेळी आणून द्यावी लागते. तिचं नाव प्रिन्सेस. घंटी वाजवत तिला रानातून आणायचं. हा हलकाफुलका तुकडा बरोबर कथेतल्या सर्वांत जड भागाच्या आधी ठेवला आहे. सलग तासभर अंधार दिला की मन बधिर होतं आणि कबुलीच्या वेळी काहीच लागत नाही. तुमच्या क्वेस्टमध्येही कबुलीच्या आधी दहा-पंधरा मिनिटांचं काहीतरी साधं, थोडं गमतीचं काम ठेवा. मात्र ते कथेला जोडलेलं हवं. नुसती भरती नको.

मग बॉचलिंग. विधिवत न पुरलेल्या, नाव न दिलेल्या मृत अर्भकाचं झालेलं पिशाच्च. इथे दोन वाटा आहेत: मारा, किंवा त्याला नाव देऊन उंबऱ्याखाली पुरा, म्हणजे ते लबरकिन, घराचं राखण करणारं भूत, होतं. दुसऱ्या वाटेवर बॅरनला ते पोर स्वतःच्या हातांत धरून गढीपर्यंत चालावं लागतं. ते चवताळू लागलं की तुम्ही अ‍ॅक्सीची खूण (मनावर चालणारी छोटी जादू) वापरून शांत करायचं, मधे मधे प्रेतात्मे हल्ला करतात त्यांना अडवायचं. हलगर्जी केली तर ते मोठं होऊन अंगावर येतं. नेहमीच्याच दोन हालचाली, लढणं आणि खूण टाकणं, पण अर्थ पूर्ण बदललेला. ज्या बापाच्या हातांनी हे घडलं त्याच हातांनी तो ते वाहतोय आणि तुम्ही त्याला जपताय. मारहाणीचा एकही प्रसंग पडद्यावर न दाखवता ती जाणवते ती इथे. 'किती दाखवायचं' याचं माझं उत्तर हेच: कृत्य दाखवू नका, त्यानंतर काय वाहावं लागतं ते खेळायला द्या.

परिणाम लांबवण्याचं तंत्र 'व्हिस्परिंग हिलॉक'मध्ये बघा. टेकडीखाली झाडात अडकलेला आत्मा म्हणतो, मला सोडव, क्रुकबॅक बॉग या दलदलीतली अनाथ मुलं मी वाचवते. सोडवायला कावळ्याचं पीस, तिचे अवशेष आणि रानटी काळा घोडा लागतो, म्हणजे तयारी करताना विचार बदलायला भरपूर वेळ आहे. क्रोन्सची (त्या दलदलीतल्या तीन चेटकिणींची) कामगिरी चालू असताना सोडवलं तर मुलं वाचतात, पण डाउनवॉरन गावाची कत्तल होते, क्रोन्स आनाला, म्हणजे बॅरनच्या बायकोला, शिक्षा म्हणून जलपिशाच्च करतात, ती मरते आणि बॅरन गळफास घेतो. आत्म्याला मारलं तर मुलं जातात, आना जिवंत राहते पण भ्रमिष्ट होते, आणि बॅरन तिला घेऊन ब्लू माउंटन्समधल्या वैद्याकडे निघतो. ही टेकडी आणि बॅरनचं घर यांचा संबंध निवड करताना कुठेच दिसत नाही. खेळणारा मुलांचा विचार करून उत्तर देतो आणि बिल दुसऱ्याच घरी येतं.

याच कंपनीच्या पहिल्या 'विचर'मध्ये (2007) हे तंत्र आहे. नदीकाठी राखायच्या पेट्या बंडखोर एल्फांना नेऊ दिल्या, तर पुढच्या प्रकरणात शहरात तुमच्या उपयोगाचा एक माणूस त्यांच्या हातून मेलेला सापडतो. तोवर जुना सेव्ह इतका मागे पडलेला असतो की कुणी परत जात नाही.

तळघर

तांत्रिक बाजू. एमझेडमध्ये नकाशा बदलला की आणि लढाई संपली की ऑटोसेव्ह होतो (सिस्टिममध्ये चालू ठेवला असेल तर). म्हणून निवड आणि परिणाम यांत किमान तीन-चार नकाशे आणि एक स्वतंत्र क्वेस्ट जाऊ द्या.

फ्लॅगचा, म्हणजे काय घडलं हे लक्षात ठेवणाऱ्या नोंदींचा, पसारा वाढवू नका. तीन स्विच पुरे: मुलाला नाव दिलं का, आत्मा सोडवला का, बायकोला तिचं म्हणणं विचारलं का. तीन स्विच म्हणजे आठ जुळण्या, पण शेवट आठ लिहायचे नाहीत. तीन लिहा आणि कॉमन इव्हेंटमध्ये अटी अग्रक्रमाने तपासा. सर्वांत कठोर अट सर्वांत वर.

याशिवाय एक व्हेरिएबल हवाच: नायकाला किती कळलं आहे. 0 म्हणजे काही नाही, 1 झडती, 2 तिसऱ्याचा जबाब, 3 कबुली, 4 बायकोची बाजू. गढीतल्या प्रत्येक पात्राचं बोलणं या आकड्यावर अडकवा. हा आकडा नसला की हमखास होणारी चूक म्हणजे स्वयंपाकीण गर्भपाताचा उल्लेख करते आणि खेळणाऱ्याने अजून घराची झडतीही घेतलेली नसते. क्रम मोडला की रातकिडा यांनी वर सांगितलेलं सगळं वाया. तपासताना प्लेटेस्टमध्ये एफ-9 दाबून स्विच आणि व्हेरिएबल हाताने बदला आणि आठही जुळण्या चालवून बघा.

चांगुलपणाची पट्टी किंवा गुण अजिबात ठेवू नका. '+5 पुण्य' दिसलं की माणूस सरदाराकडे बघायचं सोडून आकड्याकडे बघतो.

आणि देवनागरीचा प्रश्न. एमझेडची संवादपेटी एकेक अक्षर टाइप करत दाखवते, त्यात मात्रा आणि जोडाक्षरं तुटतात. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला \> टाका, पूर्ण ओळ एकदम येईल आणि अक्षरं नीट जुळतील. टायपिंगचा परिणाम जातो, पण कबुलीच्या प्रसंगात शांतता हवी असेल तर \| ने एक सेकंद आणि \. ने पाव सेकंद थांबवता येतं. दोन ओळींच्या मधे असा थांबा घातला की पुरतो.

सांजवात

बॅरनच्या क्वेस्टचं कौतुक योग्यच आहे, पण नमुना म्हणून घेताना तिचा दोषही बरोबर येईल. आना किती बोलते ते मोजा. तिने नको असलेलं गरोदरपण संपवण्यासाठी क्रोन्सशी करार केला, बदल्यात वर्षभराची चाकरी पत्करली. या कथेतला सर्वांत धाडसी आणि सर्वांत हताश निर्णय तिचा आहे. तो आपल्याला तुकड्यातुकड्यांत, बहुतांशी दुसऱ्यांच्या तोंडून कळतो. बॅरनला मात्र आग आहे, कबुली आहे, चाल आहे, पश्चात्ताप आहे. एका शाखेत ती मरते आणि कॅमेरा त्याच्या फासाकडे जातो. मुलगी तमारा रागावलेली आहे म्हणून तिच्या बाजूचं थोडं तरी ऐकू येतं.

म्हणून तळघर यांचा चौथा टप्पा, बायकोची बाजू, मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तो ऐच्छिक ठेवू नका. ती सापडली की पहिलं बोलणं तिचं, आणि 'परत येणार का' हा प्रश्न नायकाने तिला विचारायचा. तिचं उत्तर काहीही असलं तरी खेळणाऱ्याला ते डावलता येईल असा पर्याय ठेवायचा असेल तर ठेवा, पण तो तिच्या तोंडावर निवडावा लागला पाहिजे.

हे नीट कसं करतात ते 'बॉल्डर्स गेट 3'मध्ये (2023, लॅरियन स्टुडिओज) बघा. नायकाचा साथीदार अस्टॅरियन हा रक्तपिशाच्च दोनशे वर्षं त्याचा धनी कॅझाडॉर याचा गुलाम होता, सावज आणण्यासाठी त्याचं शरीर वापरलं गेलं. दुसऱ्या अंकात मूनराइज टॉवर्समध्ये अराज ओब्लोड्रा नावाची ड्राओ (भूमिगत एल्फ) बाई म्हणते, याने मला चावावं, मोबदल्यात एक काढा देईन. तो काढा ताकद कायमची 2 ने वाढवतो, म्हणजे खेळाच्या हिशेबात प्रचंड बक्षीस. अस्टॅरियनला ते नको आहे. तुम्ही त्याला भरीस घालू शकता. संमतीवर भाषण देण्याऐवजी खेळाने तिची किंमत आकड्यात लावली आणि ती तुमच्या हातात ठेवली. त्याच्या नकाराचा मान राखला तर तो पुढे मोकळेपणाने बोलतो. तुमच्या सरदारानेही असं बक्षीस देऊ करावं: तिला परत आण, आणि खेळातली सर्वांत चांगली तलवार तुझी. तलवार खरंच सर्वांत चांगली असू द्या.

मोरपंखी_फासा

आवाजाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. 'ड्रॅगन एज: ओरिजिन्स'मध्ये (2009) डेड ट्रेंचेसच्या बोगद्यांत हेस्पिथ नावाची ड्वार्फ बाई दिसण्याआधी ऐकू येते. ती एकच पद्य म्हणत असते, दिवस मोजत. तुम्ही चालत राहता, कडवी पुढे सरकतात, आणि डार्कस्पॉन, म्हणजे खेळातले राक्षस, पकडून नेलेल्या बायकांचं काय करतात ते हळूहळू लक्षात येतं. शेवटी समोर येणारी ब्रूडमदर त्याच बायकांपैकी एक आहे. कृत्य एकदाही दाखवलेलं नाही. त्याहून अंगावर येतो तो हिशेब: त्यांची प्रमुख ब्रांका हिने आपल्याच घराण्यातल्या बायका त्यांच्या हाती जाऊ दिल्या, कारण अ‍ॅन्व्हिल या जादुई ऐरणीपर्यंतचे सापळे तपासायला तिला डार्कस्पॉनचा अखंड पुरवठा हवा होता.

एमझेडमध्ये हे स्वस्तात जमतं. गढीच्या मागच्या वाटेवर चार-पाच अदृश्य इव्हेंट ठेवा, प्लेयर टचवर. प्रत्येकाला ओवीची एकेक ओळ द्या आणि सेल्फ स्विचने एकदाच चालवा. जात्यावरची ओवी घ्या, माहेराची आठवण आणि सासरचं दुःख तिच्यात आधीपासून आहेच. पार्श्वसंगीत मात्र त्या वाटेवर बंद ठेवा, नाहीतर कुणी वाचणार नाही.

सांजवात

ओवीची कल्पना चांगली. पण पुढे जाऊन तिला हडळ करू नका. बाळंतपणात गेलेली बाई भूत होते, ही समजूत आपल्याकडे जुनी आहे आणि फँटसीत ती लगेच हाताशी येते. मग ती बॉस म्हणून समोर उभी राहते, तिला मारून अनुभवाचे गुण मिळतात, आणि जिने सोसलं तीच राक्षस ठरते. बॉचलिंगला निदान उंबरा मिळतो.

गढीवरचा_पहारेकरी

सर्वांचे आभार. सरदाराच्या हातात नायकाच्या भावाचा ठावठिकाणा ठेवतोय, आणि माहितीचा आकडा आजच घालतो. एकच राहिलं: सूचना कशी द्यायची? सुरुवातीलाच 'यात गर्भपात आहे' लिहिलं तर तिसरा थर आधीच फुटतो. आणि न लिहिणं मला पटत नाही.

तळघर

दोन पातळ्यांवर द्या. नवा खेळ सुरू करताना विषयांची ढोबळ यादी: घरगुती हिंसा, दारूचं व्यसन, मूल गमावणं, आत्महत्या. कुणाच्या बाबतीत, कधी, हे लिहू नका. चार शब्दांनी कथा फुटत नाही, कारण कुणी काय केलं हे त्यांत नसतं. त्याखाली 'तपशील वाचा' असा पर्याय, ज्याला हवं तो उघडेल.

दुसरी पातळी पर्यायांत. एक स्विच, 'जड प्रसंग थोडक्यात'. तो चालू असेल तर कबुलीचा आणि उंबऱ्याचा प्रसंग तीन-चार ओळींच्या निवेदनात येईल, फ्लॅग मात्र तेच बसतील. इथे एक काळजी घ्या: फ्लॅग बसवणारा भाग दोन्ही शाखांच्या बाहेर, शेवटी ठेवा. तो प्रसंगाच्या आत राहिला तर थोडक्यात बघणाऱ्याची कथा पुढे अडकते. 'बॉल्डर्स गेट 3'मध्ये नग्नतेसाठी असाच पर्याय आहे. बंद केला तरी नात्याची कथा तशीच पुढे जाते.

टेबलाभोवती बसून आरपीजी खेळणारे यालाच लाइन्स आणि व्हेल्स म्हणतात: लाइन म्हणजे कथेत येणारच नाही अशी गोष्ट, व्हेल म्हणजे घडते पण पडद्याआड. तुमच्या क्वेस्टसाठी कागदावर दोन रकाने करून बघा. मारहाण व्हेलमध्ये जाईल, ते वर सगळ्यांनीच सांगितलं आहे. गळफासाचं दृश्य आणि साधन मी लाइनमध्ये टाकेन. सरदार गेला हे नोकराच्या तोंडून एका ओळीत कळू द्या. आणि ज्या शाखेत तो मरतो, तिथे मदतीचा दूरध्वनी क्रमांक श्रेयनामावलीच्या आधी दाखवा. भारतात टेली-मानसचा 14416 आहे, मराठीतही बोलता येतं.