सोलरची लिथियम बॅटरी किती टक्क्यांवर थांबवावी? (५ युनिट, नागपूर)

बेसाकर:
नमस्कार मंडळी, बेसा भागात घर आहे, ३ किलोवॅटचं पॅनल, हायब्रिड इन्व्हर्टर आणि ५ युनिटची लिथियम बॅटरी नुकतीच बसवली. बसवणारा पोरगा २० टक्क्यांवर सेट करून गेला, शेजारचे काका म्हणतात ५० च्या खाली कधीच जाऊ देऊ नको, खराब होते, आणि यूट्यूबवर एक जण म्हणतो १० पर्यंत बिनधास्त वापरा. दिवसा लाइट सहसा जात नाही पण मे-जूनमध्ये संध्याकाळी वादळ आलं की गेलीच, मग कधी येईल सांगता येत नाही. घरात आई आणि लहान पोरं, कूलरशिवाय रात्र निघत नाही. नेमका आकडा काय ठेवू?

उन्हातला_मिस्त्री:
भाऊ, काका चुकीचं नाही सांगून रायले, पण ते ट्यूब्युलरचं, म्हणजे जुन्या लेड-ॲसिड इन्व्हर्टर बॅटरीचं सांगून रायले. लेड-ॲसिड खोल उतरवून तशीच अर्धवट ठेवली की प्लेटांवर सल्फेट धरतं, तिला ५० चा नियम बरोबर आहे. तुमची लिथियम आयर्न फॉस्फेट असणार, लेबलवर ५१.२ व्होल्ट लिहिलंय का बघून घ्या. तिला २० काय, १० पर्यंत उतरायलाही त्रास नाही. आकडा ठरवायचा तो लाइट गेल्यावर किती तास काढायचे त्यावर.

सेटिंगमध्ये बहुतेक दोन आकडे असतात. एक लाइट असतानाचा, बॅटरी तिथपर्यंत उतरली की घर महावितरणच्या लाइनवर जातं. दुसरा लाइट नसतानाचा, तिथे आली की बॅकअप बंद. पुष्कळ जण दोन्हीकडे २० टाकून मोकळे होतात आणि तिथंच घोळ होतो, संध्याकाळपासून वापरून बॅटरी २० वर आली आणि रात्री ११ ला लाइट गेली तर आत एक युनिट शिल्लक असूनही घर अंधारात. पहिला ४० ठेवा, दुसरा १०. मधले ३० टक्के म्हणजे दीड युनिट. कूलर २०० वॅट धरा, एक पंखा, फ्रिज, वायफाय आणि इन्व्हर्टर स्वतः खातो ते ४०-५०, सगळं मिळून ४०० च्या आत बसतं, म्हणजे पावणेचार तास. लॉस धरून तीनच समजा.

बेसाकर:
दादा हे कोणीच सांगितलं नव्हतं. मग दुसरा आकडा शून्य का नको, अजून अर्धा युनिट मिळेल ना?

उन्हातला_मिस्त्री:
नको. पार खाली गेली की बीएमएस, म्हणजे बॅटरीच्या आतलं तिला सांभाळणारं सर्किट, बॅटरीचं कनेक्शन तोडून टाकतं, आणि काही इन्व्हर्टर बॅटरी दिसली नाही तर सकाळी कडक ऊन असूनही उठत नाहीत, लाइट यायची वाट बघत बसा. शिवाय स्क्रीनवरच्या १० वर डोळे झाकून विश्वास नको. या बॅटरीचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतं, म्हणून बीएमएस करंट मोजून टक्के काढतं आणि दिवसेंदिवस ते सरकत जातं. अधूनमधून पूर्ण १०० पर्यंत भरली की हिशोब परत जुळतो, आतले सेलही बॅलन्स होतात, म्हणजे सारखे भरतात. पावसाळ्यात चार-पाच दिवस आभाळ राहिलं तर लाइनवरून एकदा फुल करून घ्या.

महालची_ताई:
टक्क्यांवर एवढी चर्चा चालली आहे म्हणून विचारते, बॅटरी ठेवली कुठे? गच्चीवर टिनाच्या खोलीत असेल तर आधी खाली आणा. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच ४५ होतं, टिनाखाली त्याहून कितीतरी जास्त. बऱ्याच बॅटऱ्यांची चार्जिंगची मर्यादा ४५ ते ५५ अंशांच्या मध्ये असते, त्यावर गेलं की बीएमएस चार्जिंगच थांबवतं, म्हणजे ऐन उन्हात पॅनल चालू आणि बॅटरी भरत नाही. आणि १०० वर भरलेली बॅटरी भट्टीसारख्या खोलीत रोज दुपारभर उभी राहणं हे २० वर उतरण्यापेक्षा जास्त वाईट. जिन्याखाली, भिंतीपासून थोडी सोडून, हवा लागेल अशी ठेवा.

मानेवाडा_४४:
मधेच विचारतो, माझ्या बाबांना रात्री ऑक्सिजन मशीन लागतं, ५ लिटरचं. बॅटरी एवढीच आहे. ४० पुरेल का?

उन्हातला_मिस्त्री:
नाही पुरणार भाऊ. ते मशीन ३००-३५० वॅट खातं, वर इन्व्हर्टरचा खर्च, आठ तासाला तीन युनिटच्या वर गेलं. तुम्ही पहिला आकडा ८० ठेवा, बारा महिने, बिलात थोडी बचत कमी झाली तरी चालेल. बॅकअपच्या लाइनवर मशीन, एक पंखा, एक दिवा एवढंच ठेवा, कूलर-फ्रिज त्या लाइनवरून काढा. आणि सिलेंडर भरलेला घरात पाहिजेच, बॅटरीच्या भरवशावर राहू नका. डॉक्टरांनाही एकदा विचारून घ्या.

बेसाकर:
ताई, बॅटरी जिन्याखालीच आहे. आजच ४० आणि १० केलं. हिवाळ्यात पहिला परत २० केला तर चालेल ना? आणि तिसरा एक आकडा दिसतोय, बंद पडलेला बॅकअप परत चालू व्हायचा, तो १२ आहे.

उन्हातला_मिस्त्री:
हौ, हिवाळ्यात २० चालते, वादळं सुरू व्हायच्या आधी आठवणीने वाढवा. तो १२ मात्र २५ करा, नाहीतर लांब लाइट गेली तर सकाळी ढग आला की बंद, ऊन आलं की चालू असं करत राहील आणि फ्रिजच्या कॉम्प्रेसरची वाट लागेल.