मदत हवी आहे: फुलकोबीच्या पाल्याचा मुरघास सडतोय

नागपूरच्या कॉटन मार्केटमधून रोज सकाळी दीडेक क्विंटल फुलकोबीचा पाला उचलतो, फुकटच मिळतो. घरी ५ गाई, ३ दुधात. ताजा पाला जास्त पडला की शेण पातळ होतं, म्हणून मुरघास (हवा लागू न देता आंबवून टिकवलेला चारा) करून पाहिला.

पाला एक दिवस उन्हात सुकवला, कुट्टी केली, १०० किलोला २ किलो गूळ लावून निळ्या ड्रममध्ये पायानं दाबून भरला. ३ आठवड्यांनी उघडला तर तळाशी चार बोटं काळं पाणी, अन् वास आंबट नाही, चक्क कुजका. वरचा थर मात्र बरा निघाला. झाकण घट्ट होतं. सुतळी, प्लास्टिक आधीच वेचतो. भरतानाच मुठीत दाबला की पाणी गळत होतं. मुरघासाला ओल ६५-७० टक्के लागते, या पाल्यात ९०च्या आसपास असते, तिथंच चुकलं असावं.

मका विकत घेणं परवडत नाही. घरी सोयाबीनचं अन् तुरीचं कुटार (मळणीनंतर उरणारा कोरडा भुसा) भरपूर आहे. १०० किलो पाल्याला कुटार किती मिसळू, आणि दोन्हींतलं कोणतं? दुधाला कोबीचा वास न लागता एका गाईला दिवसाला किती मुरघास चालेल?