६६-६७ टाकलं की झालं? काय झालं नक्की?

मु_पो_सर्व्हररूम:
काल रात्रपाळीने लिहिलं होतं, 'नेटवर्क बूटसाठी डीएचसीपीत ऑप्शन ६६ नि ६७ टाका, एफ१२ दाबा, झालं. प्रॉक्सी वगैरे म्हणजे रिकामटेकड्यांचे उद्योग, उगाच डोक्याला ताप.' (नवख्यांसाठी: नेटवर्क बूट, म्हणजेच पीएक्सई, म्हणजे मशीनने इन्स्टॉलर पेनड्राइव्हऐवजी वायरीवरून उचलणं. डीएचसीपी मशीनला आयपी पत्ता वाटतो, ऑप्शन म्हणजे सोबतचे क्रमांक घातलेले रकाने, ६६ मध्ये बूट सर्व्हर नि ६७ मध्ये बूट फाइलचं नाव.) तिथेच उत्तर लिहायला घेतलं पण लांबलं, म्हणून वेगळा धागा.

अरे बाबा, ते तुझ्याकडे झालं. ६७ मध्ये फाइलचं नाव मावतं एकच. तुझी सगळी डबडी बायोसवाली (जुन्या पद्धतीने बूट होणारी) असतील म्हणून पीएक्सईलिनक्स ही बायोसची बूट फाइल सगळ्यांना गोड लागतेय. माझ्या लॅबमध्ये २२ बायोसवाली आणि १८ युईएफआयवाली, म्हणजे नव्या पद्धतीची. युईएफआयवालीने तीच फाइल ओढली, स्क्रीनवर आलं 'एनबीपी फाइल डाउनलोडेड सक्सेसफुली' (एनबीपी म्हणजे हीच बूट फाइल) आणि दोन सेकंदांत परत बूट मेन्यू. सक्सेसफुली म्हणे! मी अख्खा शनिवार टीएफटीपीवर (बूट फाइल पोचवणारी सेवा) संशय घेऊन फायरवॉल उघडत-झाकत बसलो आणि फाइल तर पहिल्यापासून नीट पोचत होती, फक्त त्या मशीनला ती कळत नव्हती.

बरं, मशीन स्वतःच सांगत असतं आपण कोण ते. ऑप्शन ९३. ० म्हणजे बायोस, ७ म्हणजे ६४ बिट युईएफआय (२००६ च्या आरएफसी ४५७८ या कागदात, जिथे हे क्रमांक दिलेत, ७ नि ९ च्या अर्थांची अदलाबदल झाली होती, मग शुद्धिपत्रक, तो वेगळाच विनोद). ते वाचून ज्याची फाइल त्याला द्यायची, एवढंच.

आणि प्रॉक्सी का? कारण आमचा डीएचसीपी राउटरमध्ये, राउटरचा पासवर्ड ऑफिसच्या कपाटात आणि कपाटाची चावी ज्यांच्याकडे ते रजेवर. मग कोपऱ्यातल्या एका जुन्या पीसीवर डीएनएसमास्क हा छोटा डीएचसीपी प्रोग्राम टाकला, डीएचसीपी-रेंजच्या ओळीत शेवटी प्रॉक्सी लिहिलं. आयपी राउटरच देतो, हा फक्त बूटची फाइल कुठे ठेवलीय ते सांगतो, स्वतः एक लीज (पत्ता) देत नाही. यात रिकामटेकडं काय आहे ते सांग.

रात्रपाळी:
माझं नाव घेऊन धागा काढलास, बरं वाटलं. मी १२ वर्षं ६६-६७ वर चालवतोय, सगळी मशीन एकाच खरेदीतली, एकाच मॉडेलची. एकदाही रडलो नाही. तुझी खरेदी खिचडी आहे त्याला मी काय करू? आणि विंडोज सर्व्हर २०१२ पासून डीएचसीपीत पॉलिसी आहेत, व्हेंडर क्लासमध्ये (मशीन स्वतःची ओळख पाठवतं तो रकाना) 'पीएक्सईक्लायंट, आर्च ००००७' अशी अट घाल, त्या मशीनना ६७ वेगळा जाईल. म्हणजे ६६-६७ च. हरलास.

मु_पो_सर्व्हररूम:
अट घातलीस म्हणजे 'टाका नि झालं' कुठे राहिलं? नि मायक्रोसॉफ्ट स्वतःच म्हणतंय हे ऑप्शन टाळा, स्विचवर आयपी हेल्पर लावा, तो मशीनची विनंती बूट सर्व्हरकडे पुढे पाठवतो.

रिलेवाला:
दोघंही चुकताय थोडे थोडे. ६६ बऱ्याच रॉम (नेटवर्क कार्डातला बूटचा प्रोग्राम) वाचतच नाहीत, ते डीएचसीपीच्या उत्तराच्या हेडरमधला नेक्स्ट-सर्व्हर, म्हणजे बूट सर्व्हरचा पत्ता, बघतात. आमच्याकडे एका राउटरमध्ये ६६ भरायला रकाना होता, भरला, तरी मशीन टीएफटीपी मागायला राउटरकडेच जायचं, कारण हेडरमध्ये तो स्वतःचाच पत्ता टाकत होता. वायरशार्क (वायरीवरची ये-जा दाखवणारा प्रोग्राम) लावलं तेव्हा दिसलं. आणि कोणीतरी सांगितलं म्हणून ऑप्शन ६० मध्ये पीएक्सईक्लायंट भरू नका, तो डीएचसीपी नि बूट सर्व्हर एकाच मशीनवर असतील तरच. नाहीतर मशीन डीएचसीपीच्याच दारात ४०११ पोर्टवर टकटक करत बसतं, शेवटी पीएक्सई-ई५५ एरर.

वायर_कापू_नका:
आणि पोर्टफास्ट! कोणी बोलतच नाही. स्विचचं पोर्ट स्पॅनिंग ट्रीमुळे (वायरींचा गोल फेरा झाला नाही ना ते बघायला) ३० सेकंद गप्प बसतं, पोर्टफास्ट ही वाट टाळतं; नसेल तर तोवर रॉम थकून ई५१ (डीएचसीपीचं उत्तरच नाही) देतो, आणि लोक डीएचसीपीला शिव्या घालतात. माझे दोन दिवस गेलेत यात, मी विसरणार नाही.

भाऊ_६७:
एक विचारू का, राग मानू नका. एवढं सगळं कशासाठी? पेनड्राइव्ह घ्या १०, वेंटॉय (पेनड्राइव्हवरून इन्स्टॉलर बूट करणारं साधन) टाका, सकाळी लावा, दुपारी चहा. तुम्ही लोक ज्या शनिवारी फायरवॉल झाकत होतात त्या शनिवारी माझी लॅब तयार होती.

मु_पो_सर्व्हररूम:
पेनड्राइव्ह! भाऊ, २०१९ च्या जूनमध्ये मी केलंय ते. तेव्हा ४८ मशीन, पेनड्राइव्ह ६. आठ फेऱ्या, प्रत्येकी २५ मिनिटं, म्हणजे नुसतं इन्स्टॉल ३ तास २० मिनिटं, आणि मधे मी खुर्च्यांमधून वाकत फिरतोय. लॅब अटेंडंट मामांनी ते सहा पेनड्राइव्ह सुपारीच्या स्टीलच्या डबीत ठेवले होते, संध्याकाळी डबीत पाच. सहावा दोन महिन्यांनी एका विद्यार्थ्याकडे सापडला, आमची आयएसओ (इन्स्टॉलरची फाइल) पुसून त्यात पिक्चर. मामांना सगळ्यांसमोर बोलणी बसली आणि त्यांची चूक काय तर डबीला कुलूप नव्हतं.

रात्रपाळी:
मामांना बोलणी कोणी दिली ते नाही सांगितलंस.

मु_पो_सर्व्हररूम:
मीच. आता खूश?

भाऊ_६७:
गोष्ट चांगली आहे पण हिशोब अर्धा सांगितलात. तुमच्या लॅबमध्ये स्विच कसला? सरकारी दरकरारातला १०० एमबीपीएसचा असेल तर ४ जीबीची इमेज गुणिले ४८, म्हणजे १९२ जीबी, ती सर्व्हरच्या एकाच वायरीतून जाणार. भागाकार करा. १५३६० सेकंद, सव्वाचार तास, तेही वायर पूर्ण मोकळी धरून. पेनड्राइव्ह ३ तास २०. नमस्कार.

रात्रपाळी:
भाऊ 🙏 पहिल्यांदा आयुष्यात पेनड्राइव्हवाल्याच्या बाजूने आहे.

वायर_कापू_नका:
गिगाबिट असेल तर तेच २६ मिनिटांवर येतं. स्विच बदला ना, त्यात काय.

भाऊ_६७:
त्यात काय म्हणे. तीन कोटेशन, मंजुरी, मग ऑडिटवाले विचारणार जुना का काढला. तुम्ही खासगीत आहात वाटतं. आमच्या संस्थेत एका पॅच पॅनेलसाठी चौदा महिने फाइल फिरली, ज्या साहेबांनी सही केली त्यांची बदली झाली आणि नवीन साहेबांनी विचारलं 'पॅच कशाला, फाटलंय का?'

रिलेवाला:
😂😂 हे खरं नसेल तर बिघडत नाही.

भाऊ_६७:
खरं आहे हो. आणि सिक्युअर बूटचं (सही केलेलंच बूट होऊ देणारं युईएफआयचं कुलूप) काय? स्वतः बांधलेलं आयपीएक्सई (नेटवर्क बूटचा प्रोग्राम) त्याला चालत नाही, म्हणजे युईएफआयवाल्या प्रत्येक मशीनच्या सेटअपमध्ये जाऊन ते बंद करा. तिथे वाकावं लागतंच ना? विंडोजचा सही केलेला पेनड्राइव्ह सरळ बूट होतो.

मु_पो_सर्व्हररूम:
ठीक आहे, १०० च्या स्विचचा हिशोब मान्य. आमचा खरंच १०० चाच आहे, आणि खरं सांगायचं तर परवा मी बारा-बारा मशीनच सोडत होतो. पण पेनड्राइव्ह संपल्यावर हातात काय उरतं? नेटवर्कवर मेन्यू कायमचा असतो. मार्चमध्ये परीक्षेच्या आदल्या रात्री एक मशीन बसलं, मी घरून मेन्यूतली ओळ बदलली, मामांना फोन केला, 'फक्त एफ१२ दाबा'. मामांनी दाबलं, झालं. स्टीलची डबी शोधायला लागली नाही.

भाऊ_६७:
मामा अजून तुमच्याशी बोलतात, हेच आश्चर्य.

वायर_कापू_नका:
पोर्टफास्ट लावलं होतंत ना?

मु_पो_सर्व्हररूम:
हो रे बाबा, लावलं होतं.

रिलेवाला:
मूळ प्रश्नावर कोणी येतंय का, की आता पॅच पॅनेलचाच धागा करायचा?

रात्रपाळी:
मी येतो. उद्या ४ नवीन मशीन येतायत. आत्ता पुरवठादाराला फोन करून विचारलं, लेगसी (बायोसवाला) मोडच नाही म्हणतोय, फक्त युईएफआय. जुन्या ३६ ला माझा ६७ लागतोच. डीएचसीपी आमचा विंडोजवर नाही, लिनक्सवर आयएससी संस्थेचा जुना डीएचसीपी आहे, त्यात पॉलिसी-बिलिसी नाही. सर्व्हररूम, ती ९३ ची अट कशी लिहायची ते चिकटव इथे.

मु_पो_सर्व्हररूम:
हळू बोललास, ऐकू नाही आलं. आणि आयएससीचा सांभाळ २०२२ च्या शेवटी बंद झालाय, तेही करून घे कधीतरी, आता ते लोक त्यांचाच नवा डीएचसीपी, केआ, वापरा म्हणतात. अट सोपी आहे, ९३ ला एक नाव दे, मग इफ-एल्समध्ये ७ असेल तर फाइलनेम ईएफआयवालं, नाहीतर तुझं लाडकं जुनं. पण आधी 'रिकामटेकड्यांचे उद्योग' मागे घे.

रात्रपाळी:
'उद्योग' मागे घेतो. 'रिकामटेकड्यांचे' राहू दे. चिकटव आता, गाडी सकाळी साडेनऊला येतेय.